फाडलेली नोट आणि जुळलेला कागद

नोटा फाडून पुन्हा सांधणाऱ्या जादूगारांच्या खेळाचा इतिहास सांगावयाचा आहे, असे आम्ही कळविले, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "वसंत व्याख्यानमालेत आता जादूचे प्रयोगही व्हायचे काय?" प्रश्न रास्त होता. महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली ज्या ज्ञानसत्राचा पाया घातला, तेथे स्वराज्यापासून सहकारापर्यंत सर्व गंभीर विषयांचा ऊहापोह झालेला आहे. त्या पंक्तीत लिंबातून नोट काढणाऱ्या मनुष्याला बसवावे की नाही, अशी शंका कोणालाही येईल. तथापि हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटते. कागदाचा एक तुकडा शंभर रुपयांचा कशामुळे होतो आणि तो फाटला म्हणजे नेमके काय फाटते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, कायद्याचा आहे आणि सामान्य माणसाच्या पुंजीचाही आहे. जादूगार हाच प्रश्न पाच मिनिटांत, सर्वांच्या देखत, एका नोटेच्या साहाय्याने मांडतो.

प्रथम प्रयोग कसा असतो ते आठवून पाहू. जादूगार प्रेक्षकांतील एखाद्या गृहस्थाकडे नोट मागतो. तिच्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचून दुसऱ्या कोणाकडून तरी तो लिहून घेतो. मग नोटेचा एक कोपरा फाडून मालकाच्या मुठीत ठेवतो आणि म्हणतो, "हा जपून ठेवा, साहेब, आता एवढीच तुमची इस्टेट!" उरलेली नोट फाटते, जळते, तिची राख होते. मालक हसतो खरा, पण त्याचे हसणे इतरांच्या हसण्याहून निराळे असते. अखेर टेबलावर मघापासून पडलेले एक लिंबू सुरीने कापले जाते आणि त्याच्या पोटातून ओली गुंडाळी निघते. क्रमांक पडताळला तर तोच. मुठीतला कोपरा लावून पाहिला तर तंतोतंत जुळतो! अमेरिकेत एमिल जॅरो नावाच्या जादूगाराने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत लिंबाचा हा प्रयोग लोकप्रिय केला, आणि तेथून तो जगभर पसरला.

आम्ही तो प्रथम पाहिला तो लहानपणी, सदाशिव पेठेतील एका वाड्याच्या चौकात, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात. नोट होती आमच्या शेजारच्या तात्यांची, दहा रुपयांची. नोट जळाली तेव्हा आम्ही मुलांनी, "तात्या, गेली तुमची नोट!" म्हणून गिल्ला केला. तात्या काही बोलले नाहीत. नोट परत मिळाल्यावर मात्र त्यांनी चष्मा लावला, ती दिव्याकडे धरून पाण्यातली खूण पाहिली, क्रमांक पुन्हा एकदा वाचला, आणि मगच टाळी वाजविली. त्या वेळी आम्हांला ते हास्यास्पद वाटले. आज वाटते, त्या चौकात त्या रात्री सर्वांत शहाणा प्रेक्षक तोच होता.

प्रयोगाचे मर्म येथे उघड करून आम्ही कोणाच्या पोटावर पाय देणार नाही. अदलाबदल केव्हा आणि कशी होते, हे जादूगाराचे व्यवसायगुपित आहे. आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे ते एवढ्याचकडे की, या खेळात दोन साक्षीदार उभे केलेले असतात. एक नोटेचा क्रमांक आणि दुसरा फाटलेली कड. हे साक्षीदार जादूगाराने आपल्या बुद्धीने निर्माण केलेले नाहीत. ते त्याने सराफांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेढीवरून उसने घेतले आहेत. म्हणून या खेळाचा इतिहास शोधताना जादूच्या आधी पैशाच्या इतिहासाकडे वळावे लागते.

पेशवाईतील पुण्यात व्यवहार चाले तो नाण्यांवर. अंकुशी रुपयासारखी नाणी प्रसिद्ध होती, आणि शिवाय निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारात येत. एक रुपया दुसऱ्याच्या बरोबरीचा नसे. सराफ तो वाजवून, घासून, तोलून पाही आणि बट्टा कापून घेई. 'बट्टा लागणे' हा वाक्प्रचार आपण आज अब्रूच्या बाबतीत वापरतो, त्याचा हा सराफी अर्थ. नाण्याचे मोल त्याच्या अंगच्या चांदीत होते. त्यामुळे ते कापले तरी चांदी उरेच. कागदाच्या अंगी असे काही नसते. पण कागदावर पैसा चालविण्याची विद्या आपल्या लोकांना इंग्रजांनी शिकविली, असेही समजण्याचे कारण नाही. हुंडी येथे पूर्वापार होती. पाहताक्षणी पैसे द्यावयाची ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी द्यावयाची ती मुदती. हुंडी वटली, म्हणजे तिचे पैसे चुकते झाले, की तो कागद रद्द होई आणि त्याला 'खोका' म्हणत. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत देत, तिचे नाव 'पेठ'. तीही गहाळ झाली तर तिसरी, तिचे नाव 'परपेठ'. पेठांच्या या शहरात हा शब्द या अर्थाने आज फारसा कोणाला ठाऊक नाही. कागद नष्ट झाला म्हणून देणे नष्ट होत नाही, हे तत्त्व आपल्या सराफांनी असे शब्दांत बांधून ठेवले होते. जादूगाराच्या लिंबातून निघते ती नोट म्हणजे एका अर्थी जळालेल्या हुंडीची पेठच होय.

सरकारी नोट आली ती १८६१ च्या कायद्याने. त्यापूर्वी १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बाँबे आणि तिच्यासारख्या इलाख्यांच्या बँका आपापल्या नोटा काढीत. या कायद्याने तो अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या या पहिल्या नोटा १०, २०, ५०, १०० आणि १००० रुपयांच्या होत्या आणि एकाच बाजूने छापलेल्या होत्या. नोट ज्या मंडळातून निघाली, त्याच मंडळात ती कायदेशीर चलन म्हणून चाले. मुंबईची नोट कलकत्त्यास घ्यावयास कोणी बांधलेला नसे. पाच रुपयांच्या नोटेवरील हे बंधन ब्रह्मदेश वगळून १९०३ साली उठले, दहा आणि पन्नासांच्या नोटांवरील १९१० मध्ये, आणि शंभराच्या नोटेवरील १९११ मध्ये.

याच काळात नोटा फाडण्याची एक चाल व्यापाऱ्यांत रूढ झाली, आणि ती आमच्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. रक्कम परगावी धाडावयाची असली की नोट मधोमध कापीत. एक अर्धे आजच्या टपालाने जाई. ते पोचल्याचे पत्र आले की मगच दुसरे अर्धे रवाना होई. वाटेत टपाल लुटले गेले तर चोराच्या हाती निरुपयोगी कपटा लागे. नोटेवर क्रमांक दोन ठिकाणी छापलेला असे. त्यामुळे दोन्ही अर्धी समोरासमोर ठेवून क्रमांकाशी क्रमांक आणि कडेशी कड जुळविली की नोट पुन्हा पुरी होई. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि मुंबई-पुण्याचे टपाल वेगाने धावू लागले. तरी वेगाने जाणारी वस्तू सुरक्षित जातेच असे नाही, हे व्यापारी जाणून होता. तो नोट फाडी ती तिचे रक्षण करण्यासाठी.

आता जादूगाराकडे वळू. तोडून जोडण्याचा खेळ जुनाच आहे. रेजिनल्ड स्कॉट या इंग्रज लेखकाने १५८४ साली एक ग्रंथ लिहिला. चेटकिणी म्हणून निरपराध बायकांचा छळ होत असे, तो थांबावा या हेतूने त्याने त्यात हातचलाखीचे प्रकार उलगडून दाखविले. नाणी नाहीशी करणे, नाडी मधोमध कापून पुन्हा अखंड करणे, हे खेळ त्यात आहेत. आपल्याकडचा गारुडीही दोरीचा, नाण्याचा, वाटीखालच्या गोळ्यांचा खेळ रस्त्यावर करीतच असे. नोटेचा खेळ मात्र त्यांच्याजवळ असणे शक्य नव्हते. कारण ज्या प्रेक्षकांपुढे तो उभा राही, त्यांच्या कनवटीला नोट नसे. १८६१ नंतरची दहाची नोट म्हणजे मजुराच्या महिनाभराच्या कमाईच्या घरात जाणारी रक्कम. ती रस्त्यावर गारुड्याच्या हाती कोण देणार?

नोट सामान्यांच्या खिशात आली ती पहिल्या महायुद्धात. चांदी दुर्मिळ आणि महाग झाली, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली. लोकांना भरवसा वाटावा म्हणून की काय, तिच्यावर चांदीच्या रुपयाचेच चित्र छापलेले होते. पुढे १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोटही निघाली. एकाची नोट १९२६ साली बंद झाली आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, पुन्हा अवतरली. १९२८ पासून नाशिकच्या छापखान्यात नोटा छापल्या जाऊ लागल्या. त्याआधी त्या विलायतेहून येत. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि १९३८ च्या जानेवारीत तिची पहिली नोट, पाच रुपयांची, बाहेर पडली. पुण्यात ८ फेब्रुवारी १९३६ रोजी बँक ऑफ महाराष्ट्रचा कारभार सुरू झाला. कारकून, शिक्षक, दुकानदार अशा लोकांच्या हातांत दरमहा नोटा खेळू लागल्या, त्या याच पिढीत. जादूगार प्रेक्षकाच्या खिशापाठोपाठ चालतो. ज्या वस्तूची त्याला काळजी, तीच हा मागून घेतो.

याच सुमारास जादूही रस्त्यावरून रंगमंचावर चढली. गोगिया पाशा आणि पी. सी. सरकार यांची नावे देशभर झाली. आपल्या पुण्याने या क्षेत्राला दिलेले नाव म्हणजे जादूगार रघुवीर. रघुवीर भोपळे यांचा जन्म १९२४ साली चाकणजवळच्या आंबेठाण येथे झाला. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात ते शिकले. पुढे त्यांनी देशोदेशी प्रयोग केले आणि 'प्रवासी जादूगार' या पुस्तकात आपल्या प्रवासाची हकीकत लिहिली. १९८४ साली ते निवर्तले. त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र यांनी ही कला पुढे चालविली. अनाथ विद्यार्थी गृहात शिकलेल्या मुलाने जादूच्या बळावर जग पाहावे, ही गोष्ट स्वतःच थोडी जादूची आहे. पण आम्हांला महत्त्वाची वाटते ती दुसरीच बाब. रघुवीरांच्या पिढीने जादूला तिकीट लावले, पडदा लावला, जाहिरात दिली. आत जे घडेल ती हातचलाखी आहे, हे दारावरच ठरलेले असे. फसण्याचे पैसे प्रेक्षक आपखुशीने मोजी आणि घरी जाताना फसवणूक तेथेच ठेवून जाई.

दुर्दैवाने नोटेच्या खेळाला एक दुसरी शाखाही फुटलेली आहे. जादूच्या साहित्याच्या दुकानांत दोन रुळांचे एक लहान यंत्र मिळते. एका बाजूने कोरा कागद घालून दांडा फिरवावा, दुसऱ्या बाजूने करकरीत नोट बाहेर पडते. नोट आधीच रुळांभोवतीच्या कापडात गुंडाळून ठेवलेली असते, हे शाळकरी पोरही दुसऱ्या वेळी ओळखते. परंतु हीच कल्पना मोठ्या पेटीत घालून व्हिक्टर लुस्टिग या कुप्रसिद्ध ठकाने युरोप-अमेरिकेत धनवानांना नोटा छापण्याचे यंत्र म्हणून विकली. पेटीला एक नोट छापण्यास कित्येक तास लागतात, असे तो सांगे. तेवढ्या तासांत तो दूर निघून जाई. आपल्याकडे हीच विद्या 'पैसे दुप्पट करून देतो', 'पैशांचा पाऊस पाडतो' या नावांनी वावरते. कोठे काळ्या कागदांच्या गड्ड्या रसायनात धुऊन दाखवितात, कोठे नोटांचे गाठोडे मंत्र घालून परत देतात. पहिल्या वेळी शंभराचे दोनशे खरोखरच होतात. तो वरचा पैसा ठकाने आपल्या पदरचा घातलेला असतो. दुसऱ्या वेळी लाख येतात आणि ते परत जात नाहीत.

आमच्या माहितीतील एका निवृत्त कारकुनाची गोष्ट आम्ही नाव न घेता सांगतो. नोकरीअखेर मिळालेली रक्कम त्यांनी अशाच एका मनुष्याच्या हाती दिली. त्याने ती त्यांच्यासमोर डब्यात घातली, डब्याला लाल फडके बांधले, आणि बजावले, अमावास्या होईपर्यंत उघडू नका, घरात कोणाजवळ बोलू नका. बोललात तर फळ मिळणार नाही. अमावास्येनंतर डब्यात वर्तमानपत्राचे कापलेले कागद निघाले. गृहस्थ पोलिसांत गेले नाहीत. "लोक काय म्हणतील?" एवढेच ते म्हणत राहिले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ती पुंजी होती, हे त्यांच्या पत्नीला सुद्धा पुढे कित्येक महिन्यांनी कळले.

तात्या आणि हे कारकून यांच्या अकलेत काही अंतर होते, असे आम्हांस वाटत नाही. अंतर होते ते भोवतालच्या परिस्थितीत. तात्यांची नोट चौकात, पन्नास माणसांच्या देखत गेली. क्रमांक परक्या माणसाने लिहिला होता. कोपरा त्यांच्या स्वतःच्या मुठीत होता. आणि परत आलेली नोट दिव्याकडे धरून पाहण्यास त्यांना कोणी मनाई केली नाही. कारकुनांच्या बाबतीत यांतले एकही नव्हते. क्रमांक नाही, कोपरा नाही, साक्षीदार नाही, आणि उघडून पाहण्याची बंदी. जादूगार पुरावा पुढे करून चकवितो. ठक पुरावाच काढून घेतो. हा भेद ज्याला समजला, त्याला कोणत्याही नव्या सोंगातला ठक ओळखता येईल.

हा भेद लोकांना समजावून सांगण्याचे काम या शहरात अनेकांनी केले आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कारांमागील हातचलाखी गावोगाव करून दाखवीत आले आहेत. साडेचारशे वर्षांपूर्वी स्कॉटने पुस्तकाने जे केले, तेच हे. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला. 'जादू' हा शब्द रंगमंचावरच्या खेळालाही आहे आणि त्या कायद्याच्या नावातही आहे. एक पाहून मुले टाळ्या पिटतात, दुसरीने घरे बुडतात. शब्द एक असला तरी वस्तू दोन आहेत.

आता खरोखर फाटलेल्या नोटेचे काय होते, तेही पाहू. कारण बँकेच्या खिडकीवरही सांधण्याचा एक प्रयोग चालतो. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे हरवलेल्या, चोरीस गेलेल्या किंवा फाटलेल्या नोटेचे पैसे हक्क म्हणून कोणालाही मागता येत नाहीत. बँक नियम करून ते कृपा म्हणून देते. २००९ चे नियम २०१८ मध्ये सुधारले, त्यांप्रमाणे पन्नास रुपये आणि त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ऐंशी टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण किंमत मिळते, चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर निम्मी, आणि त्याहून कमी असेल तर काहीच नाही. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेला निम्म्याहून अधिक तुकडा पुरतो. खोटा दावा करण्यासाठी नोट मुद्दाम कापली वा फाडली असेल, तर तो दावा फेटाळला जातो. असा कडकपणा ठेवण्यास कारण आहे. अनेक नोटांच्या बारीक पट्ट्या काढून त्या जोडून एक जादा नोट तयार करण्याची लबाडी होऊ शकते. जादूगाराच्या लिंबातली नोट निदान मूळ मालकाकडे परत जाते. ही जादा नोट कोणाच्या तरी गळ्यात पडते.

आणि न फाटताही नोट नाहीशी होते, हे आपण तीनदा पाहिले. १९४६ च्या जानेवारीत पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा, १९७८ च्या जानेवारीत हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या, आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारांच्या नोटा चलनातून रद्द झाल्या. कागद तोच होता, क्रमांक तोच होता, एक कोपराही दुमडला नव्हता. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सही करून धारकाला रक्कम देण्याचे वचन दिलेले असते. एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसते, कारण ती बँकेची नसून भारत सरकारची असते. मोल आहे ते त्या वचनाला आणि वचनामागे उभ्या असलेल्या संस्थेला. वचन मागे घेतले की अखंड नोटही कपटा होते. वचन कायम असले तर अर्ध्या नोटेलाही निम्मे मोल राहते.

आपली भाषा हे फार पूर्वीपासून जाणते. अखंड रुपयाला आपण 'बंदा' म्हणतो आणि त्याचे सुटे करणे याला 'मोडणे' म्हणतो. "नोट मोडून आण," असे आई मुलाला सांगते, तेव्हा नोट फाटेल अशी भीती कोणालाच वाटत नाही. मोडलेले पुन्हा बंदे होईल, हा भरवसा त्या वाक्यात गृहीत धरलेला असतो. हा भरवसा पेढीवरच्या सराफाने पेठ आणि परपेठ देऊन राखला, व्यापाऱ्याने अर्ध्या नोटा जुळवून राखला, आणि जादूगाराने तो क्षणभर हिरावून घेऊन हसतहसत परत केला.

तेव्हा पुढच्या वेळी जादूगाराने नोट मागितली तर ती अवश्य द्यावी. क्रमांक लिहून घ्यावा, कोपरा मुठीत ठेवावा, आणि नोट परत आली की तात्यांप्रमाणे दिव्याकडे धरून पाहावी. खरा कलावंत त्याने रागावत नाही. पण जो कोणी, "पाहू नका, विचारू नका, कोणाला सांगू नका," असे म्हणून हात पुढे करील, त्याच्या हातावर फाटकी नोटसुद्धा ठेवू नये. आणि घरातले कोणी त्यात बुडालेच, तर त्याला हसू नये. आमच्या त्या कारकुनांना चोरापेक्षा लोकांच्या हसण्याचे भय अधिक वाटले, आणि चोर सुटला तो त्यामुळे.